बाणाचे टोक निशाणात का राहते?

५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनमध्ये साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी कंपाउंड तिरंदाजीत जगज्जेती झाली. साताऱ्यातच प्रशिक्षक प्रवीण सावंत यांच्याकडे घडलेला ओजस देवतळेही त्याच दिवशी जगज्जेता झाला. याच खेळाबद्दल सांगलीच्या एका पालकांनी विचारले आहे, कार्बनचा एवढा महागडा बाण ओढून काढताना त्याचे पोलादी टोक निशाणातच कसे राहते? कार्बन कच्चा निघाला का?

कार्बन कच्चा नाही. त्याचा जेमतेम ७ मायक्रोमीटर जाडीचा धागा लांबीच्या दिशेने ताणला तर पोलादाला भारी पडतो. हार खाते ते पोलादी टोक आणि बाणाची कार्बनची नळी यांना जोडणारे हॉट मेल्ट, म्हणजे तापवून लावायचा गोंद.

चिकटवलेला सगळा भाग सारखाच भार उचलतो, असे आपण धरून चालतो. जर्मनीच्या ओलाफ फोल्करसन यांनी १९३८ मध्ये गणिताने दाखवले की ताण सांध्याच्या दोन कडांशी एकवटतो आणि मधला भाग जवळजवळ मोकळाच राहतो. त्यामुळे सांधा दुप्पट लांब केला तरी ताकद दुप्पट होत नाही. तो कडेपासून उकलत जातो. फोल्करसन यांचा विषय होता रिव्हेटचे सांधे, पण पुलाच्या पोलादी तुळईला कार्बनची पट्टी चिकटवणारे अभियंते आजही याच गणितावर उभे आहेत. कार्बनचे गोडवे गाताना फोल्करसन यांचे नाव कुणी घेत नाही, हे मला फार खटकते.

त्यात तापमानाची भर. एका अंशाला पोलाद मीटरमागे सुमारे १२ मायक्रोमीटर वाढते, कार्बनचा धागा लांबीत जवळजवळ ढिम्म. थंडी-उन्हाची ही ओढाताण मधल्या थरालाच सोसावी लागते.

हे दुखणे जुनेच. शिंग, लाकूड आणि जनावरांच्या स्नायूंचे धागे सरसाने जोडलेली धनुष्ये आपल्या दमट हवेत उकलत. म्हणून हिंदुस्थानात चक्क पोलादी धनुष्ये घडवली गेली! त्यांचा बाण तितक्या वेगाने सुटत नसे, पण शस्त्रागारात वर्षानुवर्षे पडूनही ती कामाला येत.

टोक निघाले तर पुन्हा बसवता येते. खरी भीती नळीला गेलेल्या तड्याची. पोलाद आधी वाकून इशारा देते. कार्बन तसे न करता एकदम फुटतो, आणि सुटतानाच फुटलेल्या बाणाच्या चिरफळ्या हातात घुसतात. तेव्हा मुलांना सांगा, बाण लावण्याआधी तो दोन्ही हातांनी धरून, अंगापासून लांब, फिरवत हलका वाकवून पाहा. करकर ऐकू आली तर तो बाण पुन्हा वापरू नका. टोक बसवताना ज्योत टोकालाच दाखवा, नळीला नको. जादा उष्णतेने धागे धरून ठेवणारे रेझिन खराब होते.