मार खाल्लेल्या लेकराचे दुसरे घर



आपल्या भिवापूरची मिरची नावाजलेली आहे. ती कशी पिकवायची, हे आम्ही तुम्हांला सांगायला नको. वाफ्यावर रोप तयार होते. मग ते उपटून वावरात लावतात. लावल्यावर रोप आधी मान टाकते. दोन-चार दिवस मेल्यागत दिसते. म्हणून कोणी त्याला उपटून फेकतो काय? नाही. आपण पाणी देतो, वाट पाहतो. मूळ धरले की रोप आपोआप मान वर करते.

आज आम्ही अशाच काही लेकरांविषयी सांगणार आहोत. घरात मार खाल्लेली, उपाशी ठेवलेली, टाकून दिलेली ही लेकरे. त्यांना घरातून काढून बालगृहात नेतात. तिथे नेल्यावर तीही आधी मान टाकतात.

आमच्या सायंकाळच्या वर्गात एका बाईंनी विचारले, "गुरुजी, मार खाणाऱ्या पोराले सरकार घेऊन जाते म्हणतात. मंग तिथं त्याचं काय करतात? कोंडून ठेवतात काय?" प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर सगळ्यांनी वाचावे, म्हणून हा पाठ लिहिला आहे.

आमची चूक

आधी आमचीच एक चूक सांगतो. गोष्ट पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची आहे. आम्ही तेव्हा एका खेड्यातल्या शाळेत मास्तर होतो. तिसरीतला एक पोरगा वर्गात रोज झोपायचा. आम्ही त्याला उठवून हातावर छडी मारली. तो रडला नाही. त्याने गुपचूप दुसरा हात पुढे केला.

तेव्हाच आमच्या ध्यानात यायला हवे होते. मारले तर लहान मूल रडते, हात मागे घेते. जे मूल न सांगता दुसरा हात पुढे करते, त्याला माराची सवय झालेली असते.

पुढे शाळेत डॉक्टर तपासणीला आले. पोराचा सदरा काढला. पाठीवर वळ होते, काही जुने, काही ताजे. आम्ही त्याच्या बापाला बोलावून चार शब्द सुनावले. बाप म्हणाला, "माझं पोरगं हाय, मी पाहून घेईन." आम्ही गप्प बसलो. परक्याच्या घरात कशाला पडायचे, असे वाटले. त्या रात्री पोराला जास्तच मार बसला, कारण घरातली गोष्ट बाहेर गेली होती. आठ दिवसांनी तो शाळेत यायचा बंद झाला.

चुका दोन झाल्या. आम्ही त्याला मारले, ही पहिली. ज्याने मारले त्यालाच सांगून आम्ही मोकळे झालो, ही दुसरी. आता शिक्षण हक्काच्या कायद्याने शाळेत मुलांना मारायला बंदी आहे. हा कायदा २०१० साली लागू झाला. पण दुसरी चूक अजूनही गावोगाव होते.

जुनी वाट

पोर टाकून देणे किंवा छळणे काही आजचे नाही. त्यांना जवळ करणारी माणसेही आपल्या मुलखात आजची नाहीत. जोतीराव फुले आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवांनी तिथे यावे, बाळंत व्हावे, पण लेकराचा जीव घेऊ नये, असा त्यांचा हेतू होता. अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ साली दत्तक घेतला. त्याचे नाव यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला. पंढरपुरातही १८७५ साली असाच आश्रम निघाला.

आपल्या विदर्भातली उदाहरणे तर जवळची आहेत. सिंधुताई सपकाळ वर्धा जिल्ह्यातल्या पिंप्री मेघे गावच्या. लहानपणी घरचे त्यांना चिंधी म्हणत. चिंधी म्हणजे फाटका तुकडा, नको असलेला. कोवळ्या वयात त्यांचे लग्न झाले. दिवस भरत आले असताना नवऱ्याने मारून घराबाहेर काढले. गोठ्यात त्या बाळंत झाल्या. पुढे त्या गाणी म्हणत भीक मागत फिरल्या. वाटेत भेटलेली बेवारस पोरे त्यांनी पोटाशी धरली. पोटच्या मुलीला मात्र त्यांनी पुण्याच्या एका संस्थेकडे दिले. आपले आणि परके असा भेद आपल्या हातून होऊ नये, म्हणून त्यांनी असे केले. त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. ४ जानेवारी २०२२ रोजी त्या वारल्या. हजारो लोक त्यांना माई म्हणत.

दुसरे उदाहरण शंकरबाबा पापळकर यांचे. अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वझ्झर नावाचे गाव आहे. तिथे त्यांनी अंध, मुक्या, मंदबुद्धीच्या शंभरावर टाकून दिलेल्या मुलांना वाढवले. कोणी रेल्वे स्टेशनवर सापडलेले, कोणी कचऱ्यात. त्यांच्या कागदपत्रांवर बापाच्या जागी बाबांनी स्वतःचे नाव लावले. अनेकांची लग्ने करून दिली. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

माई आणि बाबा, दोघांनीही लेकराला नुसते छप्पर दिले नाही. त्याला एक माणूस दिले. या पाठातली सगळ्यांत मोठी गोष्ट हीच आहे.

भाकरीबरोबर माणूसही लागते

दुसऱ्या महायुद्धात लाखो मुले बेघर झाली. इंग्लंडचे डॉक्टर जॉन बोल्बी यांनी अशा मुलांविषयीची माहिती गोळा केली. जागतिक आरोग्य संघटनेने ती १९५१ साली छापली. तिचे सार सोपे आहे. लेकराला खाणे, कपडा, खाट सगळे दिले, पण रोजचे एक मायेचे माणूस दिले नाही, तर ते नीट वाढत नाही. त्याचे मन कोमेजते.

म्हणून मोठी इमारत आणि शंभर खाटा म्हणजे चांगले बालगृह नव्हे. जिथे लेकराला वाटते की 'हे माणूस माझे आहे, उद्याही ते इथेच असेल', ते चांगले बालगृह.

बालगृहात काय करतात?

मूल आले की पहिल्या दिवशी त्याला आंघोळ, धुतलेले कपडे, पोटभर जेवण द्यायचे असते. डॉक्टर तपासतात. 'तुला कोणी मारले? कसे मारले?' असे प्रश्न त्या दिवशी भराभरा विचारू नयेत. जखम ताजी असते.

मग काही गोष्टी दिसू लागतात. मूल भाकरीचा तुकडा उशीखाली लपवते. पोट भरलेले असते, तरी लपवते. त्याला उद्याची खात्री नसते. त्यावर चोर म्हणून ओरडायचे नाही. त्याला एक डबा द्यायचा. डब्यात चणे, मुरमुरे ठेवायचे. 'हे तुझे. भूक लागली की खा,' असे सांगायचे. उद्याही जेवण मिळते हे पटले, की लपवणे हळूहळू थांबते.

कोणी रात्री अंथरूण ओले करते. कोणी झोपेत किंचाळते. कोणी हात वर केला की डोके झाकते. आपल्याकडे लोक म्हणतात, बाहेरची बाधा आहे, मांत्रिकाकडे न्या. बंधूंनो, ही बाधा नव्हे, आत बसलेली भीती आहे. अंगारा लावून ती जात नाही आणि मारून तर वाढतेच.

ही भीती काढायला समुपदेशक असतो. समुपदेशक म्हणजे मनाच्या दुखण्यावर बोलून उपचार करणारा शिकलेला माणूस. तो मुलाबरोबर मातीची चित्रे करतो, रंग देतो, बाहुल्यांचा खेळ मांडतो. तुम्ही म्हणाल, यात उपचार कसला? लहान मुलाजवळ दुःख सांगायला शब्द नसतात. ते खेळातून सांगते. एखादे मूल घराचे चित्र काढते आणि घराला दारच काढत नाही. समुपदेशक तिथेच विचारतो, "यात राहणारा बाहेर कसा येतो रे?" मूल हळूहळू बोलू लागते. आत कोंडलेले बाहेर आले की ओझे कमी होते.

तिसरा उपचार म्हणजे नेम. उठणे, जेवण, शाळा, खेळ, झोप, सगळे रोज ठरल्या वेळी. ज्या घरात बाप केव्हा पिऊन येईल आणि केव्हा मारील याचा नेम नव्हता, तिथून आलेल्या मुलाला हा नेम औषधासारखा लागतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. बरे वाटू लागले की कधी कधी मूल जास्त वाईट वागते. ताट फेकते, शिव्या देते. नवी माणसे म्हणतात, बघा, याच्यावर माया केली आणि हे डोक्यावर बसले! तसे नाही. मूल परीक्षा घेते. 'मी वाईट वागलो तर हेही मला मारतील काय? हेही मला टाकतील काय?' असे त्याला पाहायचे असते. त्या वेळी हात न उगारता 'ताट फेकायचे नाही' एवढे ठामपणे सांगायचे आणि जवळ राहायचे. परीक्षा बालगृहाची असते, मुलाची नसते.

याला महिने लागतात, कधी वर्षे लागतात. रोप चार दिवसांत मूळ धरते, माणसाचे मन तसे नाही.

बालगृह हा शेवटचा उपाय

आता कायदा पाहू. २०१५ सालचा बाल न्याय कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्याप्रमाणे बाल कल्याण समिती असते. तिच्यात एक अध्यक्ष आणि चार सभासद असतात. निदान एक तरी बाई असावीच लागते. संकटातले मूल मिळाले की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला समितीपुढे न्यावे लागते. मूल कुठे राहील हे समिती ठरवते.

समितीने सरळ बालगृहच दाखवावे, असे नाही. मुलाला शक्यतो घरात, नात्यात ठेवावे, बालगृह शेवटी, असे कायदाच सांगतो. आजी आहे काय? मामा-मामी नीट सांभाळतील काय? आधी हे पाहतात. गरिबीपायी कोणाचे लेकरू घरातून जाऊ नये, म्हणून महाराष्ट्र सरकारची बालसंगोपन योजना आहे. २०२३ साली तिची मदत दरमहा २२५० रुपये केली. आईबाप नसलेले किंवा एकच पालक उरलेले मूल आपल्या गावात असेल, तर जिल्ह्याच्या महिला व बाल विकास कार्यालयात चौकशी करावी.

बालगृह सरकारात नोंदलेले असलेच पाहिजे. तिथेही मुलांना मारणे गुन्हा आहे. कोणी भला माणूस आला आणि 'तुमचे पोर आमच्या आश्रमात द्या, फुकट शिकवू' म्हणाला, तर आधी नोंदणीचा कागद मागा. कागद नसेल तर पोर देऊ नका. सगळीच बालगृहे माईंच्या मायेची नसतात. म्हणून गावाने डोळा ठेवावा.

आपण काय करायचे?

पहिले, ओळखायचे. मूल वारंवार जखमी दिसते, घरी जायला भिते, नेहमी उपाशी असते, एकाएकी मुके होते. ही चिन्हे आहेत. एका चिन्हावरून कोणावर आळ घेऊ नका, पण डोळेझाकही करू नका.

दुसरे, मारणाऱ्याला सांगून मोकळे होऊ नका. आमची चूक तुम्ही करू नका. १०९८ या नंबरावर फोन करा. हा फोन रात्रंदिवस चालतो आणि पैसे पडत नाहीत. ही सोय १९९६ साली मुंबईत सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. गावात अंगणवाडीताईला, सरपंचाला, पोलीस पाटलालाही सांगता येते.

तिसरे, मुलाने सांगितले तर ऐका. त्याला म्हणा, "तुझी चूक नाही. सांगितलंस, चांगलं केलंस." पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका.

चौथे, वाईट स्पर्शाची, अब्रूची गोष्ट असेल, तर २०१२ चा पोक्सो कायदा आहे. असे माहीत असून लपवणे हाच गुन्हा आहे. 'पोरीचे लग्न कसे होईल' म्हणून झाकू नका. मुलाचे नाव बाहेर फोडायला कायद्याने मनाई आहे. पोलिसांनीही वर्दी न घालता, मुलाच्या सोयीच्या जागी, होता होईल तो बाई अधिकाऱ्याने जबाब घ्यायचा असतो.

पाचवे, बेवारस मूल सापडले तर स्वतः ठेवून घेऊ नका, कोणा निपुत्रिकाला देऊ नका. २४ तासांत कळवा. दत्तकाची वाट वेगळी आहे, ती कायद्यानेच होते.

शेवटचे, बालगृहाला मदत करायची तर वाढदिवसाला केक घेऊन जाऊन पोरांची रांग लावू नका. रांगेत उभे राहून आभार मानणे हे त्या लेकरांचे काम नव्हे. वर्षभर दर रविवारी जाऊन एका मुलाला वाचायला शिकवा. तुम्ही आता स्वतः वाचू लागलात, एवढे तुम्हांला जमेल.

तो पोरगा आम्हांला पुन्हा दिसला नाही. आता तो बापय माणूस झाला असेल. त्याला कोणी दुसरे घर दिले की नाही, देव जाणे. आमच्या वर्गात त्या बाईंनी हे सगळे ऐकून घेतले आणि पाटीवर मोठ्या अक्षरांत नंबर लिहिला. मग सगळ्यांनी लिहिला. तुम्हीही लिहून पाहा, आणि घरातल्या भिंतीवर लहान पोरांना दिसेल अशा जागी लावा.

दहा, नऊ, आठ. १०९८.