जीपचा गिअरबॉक्स उतरवताना

कसबा बावडा म्हटले की बाहेरगावच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. राजर्षी शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी येथील लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये झाला, ही एक. आणि दुसरी, पावसाळ्यात रोज बातम्यांत येणारी राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये हे पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. घरात शिरलेले पाणी सर्वांनी पाहिले. गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये शिरलेले पाणी मात्र लगेच दिसत नाही. ते कळते काही महिन्यांनी, गिअर आपोआप सुटू लागला किंवा आत बेअरिंग गुरगुरू लागले म्हणजे.

आम्ही पेशाने कारकून. परंतु अर्ज लिहून देणे, दाखले काढून देणे या निमित्ताने वस्तीतल्या मुलांच्या मागोमाग आमचे गॅरेजांत जाणे-येणे होते. ही मुले 'हेल्पर' म्हणून लागतात आणि गाडीखालचे काम बहुतेक त्यांच्याच वाट्याला येते. म्हणून आज एका अवघड कामाविषयी लिहीत आहोत. फोर-व्हील जीपचा, त्यातही 'बदल केलेल्या' जीपचा गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस उतरवणे, हे ते काम. ज्यांच्या घरातला मुलगा गॅरेजात जातो त्या माता-भगिनींनी हे जरूर वाचावे.

आधी गाडी समजून घेऊ. स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने अमेरिकेच्या विलीज जीपची जोडणी मुंबईत सुरू केली. तीच घडण पुढे अनेक वर्षे थोड्याफार फरकाने चालली. या जीपमध्ये इंजिनामागे क्लच, क्लचमागे गिअरबॉक्स आणि गिअरबॉक्सच्या पाठीला चिकटलेली आणखी एक पेटी असते. ही पेटी म्हणजे ट्रान्स्फर केस. इंजिनाची ताकद मागच्या चाकांबरोबर पुढच्या चाकांनाही वाटून द्यायची आणि चिखलात, चढावर आणखी जड गिअर द्यायचा, ही तिची दोन कामे. दोन्ही पेट्या मिळून वजन असे होते की दोन धडधाकट माणसांनाही ते आडवे पडून पेलत नाही.

आता 'बदल केलेली' म्हणजे काय? पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेले असते. इंजिन एका गाडीचे, गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा आणि दोन्हींच्या मध्ये लेथवर कातून घेतलेली एक जाड प्लेट. आपल्या कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर असताना असली प्लेट करून घेणे मुळीच अवघड नाही. प्रोपेलर शाफ्ट कापून आखूड केलेला, कमानी उंच केलेल्या, खालचा आडवा सपोर्ट वेल्डिंगने हलवलेला. (असा बदल करण्याआधी आरटीओची परवानगी लागते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ बांधणीत मनमानी बदल चालणार नाहीत असे बजावले आहे. हौशी मंडळींनी हे ध्यानात घ्यावे.) दुरुस्ती करणाऱ्याची अडचण अशी की अशा गाडीला कंपनीचे पुस्तक लागू पडत नाही. कोणता बोल्ट कुठला, शाफ्ट मुळात किती लांब, हे ज्याने बदल केला त्यालाच ठाऊक, आणि तो मिस्त्री बहुधा गाव सोडून गेलेला असतो.

म्हणून आमचे पहिले म्हणणे, पाना लावण्याआधी वही काढावी. आडव्या सपोर्टचे चेसिसपासूनचे अंतर, प्लेटची जाडी, कोणत्या भोकात आखूड बोल्ट आणि कोणत्या भोकात लांब, खाली किती वायसर होते, हे सारे लिहून ठेवावे. शाफ्टच्या सरकत्या जोडाला दोन्ही बाजूंनी पंचने खूण करावी. हा जोड एक दात जरी फिरून बसला तरी दोन्ही टोकांचे क्रॉस एका रेषेत राहत नाहीत आणि गाडी वेगात थरथरते. मग मालक म्हणतो गिअरबॉक्सच बिघडवून ठेवला. बी. कॉम.ला आम्ही जमाखर्च शिकलो; त्याचा उपयोग गॅरेजात होईल असे तेव्हा वाटले नव्हते.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. जुन्या जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रम चाकांत नसतो. तो ट्रान्स्फर केसच्या मागच्या तोंडाशी असतो आणि प्रोपेलर शाफ्टला धरून ठेवतो. गाडी गिअरमध्ये टाकून ठेवली तरी धरणारा तो शाफ्टच. म्हणजे शाफ्ट सुटला की हँडब्रेकही गेला आणि गिअरही गेला. गाडी मोकळी! बावड्याच्या गल्ल्यांत गॅरेजसमोरचा रस्ता सपाट असतोच असे नाही. पोरगा खाली शाफ्टचा शेवटचा बोल्ट काढतो आणि त्याच क्षणी एवढी मोठी गाडी केवळ नशिबावर उभी राहते. म्हणून जमीन सपाट हवी, आणि बोल्टला हात लावण्याआधी चारही चाकांना पुढून-मागून लाकडी उटी लावलेल्या हव्यात. दगड नको, तो निसटतो. जॅक हा फक्त उचलण्यासाठी आहे. तेलावर चालणाऱ्या जॅकचे आतले सील गळाले की तो आवाज न करता खाली बसतो. गाडी लोखंडी स्टँडवरच टेकवावी. विटांची चळत करणारे गॅरेजवाले आम्ही पाहिले आहेत. वीट वजनाने आधी सांगून फुटत नाही.

पुढचे काम क्रमाने होते. बॅटरीची तार काढायची. आतला पत्रा खोलून गिअरचे दांडे काढायचे. दोन्ही पेट्यांचे तेल वेगवेगळे सोडायचे. तेल दुधाळ, चहासारखे आले तर पाणी शिरले म्हणून समजावे. तापलेली पेटी एकदम गार पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि वरच्या श्वासनळीतून पाणी ओढले जाते. पुराच्या पाण्यातून गाडी घातलेल्यांनी निदान तेल तरी लगेच बदलून घ्यावे. हे काढलेले तेल गटारात ओतू नये. आपले गटार कुठे जाते हे बावडेकरांना सांगायला नको. मग पुढचा-मागचा शाफ्ट, मीटरची केबल, हँडब्रेकची केबल, क्लचची जोडणी.

आता खरी कसोटी. जीपच्या इंजिनाला पुढे दोन आधार असतात; मागचा भार गिअरबॉक्समार्फत त्या आडव्या सपोर्टवर असतो. सपोर्ट काढला की इंजिन मागे कलते आणि रेडिएटरचे पाइप ताणले जातात. त्यासाठी इंजिनाखाली लाकडी ठोकळा ठेवून दुसरा जॅक आधीच द्यावा. गिअरबॉक्सखाली तिसरा, चाके असलेला. बेल हाउसिंगचे बोल्ट निघाल्यावर पेटी सरळ मागे ओढायची, खाली लोंबकळू द्यायची नाही. कारण तिचा पुढचा शाफ्ट क्लच प्लेटच्या दातांतून जाऊन फ्लायव्हीलच्या बुशात बसलेला असतो. सगळे वजन त्या शाफ्टवर आले की क्लच प्लेट वाकते, बुश खराब होते, आणि ते कळते जोडणी झाल्यावर. क्लच सुटत नाही, पुन्हा सगळे उतरवा!

पुष्कळ ठिकाणी तिसरा जॅक नसतो. तिथे काय होते? पोरगा उताणा झोपतो आणि पेटी छातीवर घेतो. मिस्त्री वरून म्हणतो, "धर रं, सोडू नगंस." आम्ही या प्रकाराला कौशल्य मानायला तयार नाही. चाकांचा जॅक भाड्याने आणता येतो, साखळी-कप्पीने पेटी वरून गाडीच्या आतूनही धरता येते. एवढा खर्च मालकाकडून मागून घेण्याची लाज मिस्त्रीने बाळगू नये, आणि मालकानेही 'संध्याकाळपर्यंत गाडी पाहिजे' म्हणून तगादा लावू नये. चौदा वर्षांखालील मुलाला कामाला ठेवणे तर कायद्यानेच बंद आहे. मुलगा दहावी झाला असेल तर आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. गॅरेजात शिकलेला हात आणि आयटीआयचे प्रमाणपत्र एकत्र आले तर सोन्याहून पिवळे.

दोन्ही पेट्या जोडीनेच खाली घेण्याचे कारण असे की ट्रान्स्फर केसचा एक गिअर गिअरबॉक्सच्याच मुख्य शाफ्टवर बसलेला असतो. टेबलावर मागचे झाकण काढून, नट सोडून, तो गिअर काढल्याशिवाय त्या वेगळ्या होत नाहीत. त्या वेळी शाफ्ट मागे सरकला तर आतले बारीक भाग निखळून खाली पडतात. म्हणून जाणकार मिस्त्री वरचे झाकण काढून शाफ्टला तारेचा वेढा घालून पुढे बांधून ठेवतात. दोन रुपयांची तार, दोन दिवसांचे काम वाचवते.

घरच्यांसाठीही एक सांगणे. या कामाचे कपडे वेगळे धुवावेत, लहानग्यांच्या कपड्यांत मिसळू नयेत. रॉकेलने हात धुण्याची सवय मोडावी, त्याने कातडी कोरडी पडून भेगा पडतात. आधी हाताला थोडे खोबरेल चोळून फडक्याने पुसावे, मग साबण लावावा.

जोडणी झाल्यावर वहीतली मापे पुन्हा ताडून पाहावीत, मगच नवे तेल भरावे. गाडी शिये रस्त्याने नदी ओलांडून हळू चालवत न्यावी आणि परत आणावी. मग इंजिन बंद करून, चाकांना उटी लावून, खाली दिवा धरून पाहावे. बेल हाउसिंगच्या तळाशी तेलाचा थेंब असेल तर पुढचे सील नीट बसलेले नाही. शाफ्टच्या तोंडाशी असेल तर मागचे. गळती नसेल तर शाफ्टचे बोल्ट आणखी एकदा आवळावेत, आणि त्या दिवसाची तारीख वहीत लिहावी.