पर्जन्यजलाचा स्वतंत्र जमाखर्च

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट असून ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांवर चढले. तथापि महापूर हे प्रासंगिक संकट होय, तर सांगलीतील शेरीनाल्यासारख्या प्रवाहांची व गटारांची निगा हा दरसालचा खर्च आहे.

अशा दरसालच्या खर्चासाठी अमेरिकेतील बेल्व्ह्यू नगराने १९७४ साली स्वतंत्र पर्जन्यजल खाते स्थापून, मिळकतीचे क्षेत्रफळ व तीवरील बांधकामाची दाटी पाहून आकारणी सुरू केली. जर्मनीतील अनेक नगरांत छपरे व फरसबंदी यांनी झाकलेल्या चौरस मीटरांवर आकार बसतो, आणि पाणी जमिनीत मुरविणाऱ्यास सूट मिळते.

१९९८ साली स्थापन झालेल्या सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेने हा मार्ग अवलंबिण्यापूर्वी प्रत्येक मिळकतीवरील झाकलेल्या क्षेत्राची मोजणी करणे अगत्याचे ठरेल.