कार्डिफहून : आधी कोर्ट, मग कॅमेरा

वेल्समध्ये पत्रकारिता शिकतोय म्हटलं की कोल्हापूरहून पहिला प्रश्न येतो, "स्टुडिओ केवढा आहे?" स्टुडिओ आहे, पण घाम निघतो तो शॉर्टहँडला. एनसीटीजे या ब्रिटनमधल्या पत्रकार-प्रशिक्षण परिषदेच्या पदविकेत वृत्तपत्राकडे जाणाऱ्यांनी मिनिटाला १०० शब्दांचा वेग गाठावा अशी अपेक्षा असते. कारण इंग्लंड-वेल्सच्या कोर्टात फोटो काढायला १९२५ च्या कायद्याने बंदी आहे आणि परवानगीशिवाय ध्वनिमुद्रण करायला १९८१ च्या. साक्षीदार काय बोलला ते हातानेच टिपायचं.

मॅजिस्ट्रेट कोर्टात आम्ही पत्रकारांच्या बाकावर बसतो. दुकानातली चोरी, दारू पिऊन गाडी चालवणं, असलेच खटले. दुपारी बाई बातमी तपासतात तेव्हा पहिला सवाल, "आरोपीचं वय आणि रस्त्याचं नाव कुठे आहे?" ते नसेल तर त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाची नाहक बदनामी होते.

हे ऐकताना मला आपल्याकडच्या पद्धतीचा राग येतो. लघुलेखनाची परीक्षा आपल्याकडेही आहे, सरकारच घेतं. पण तिथे जातात स्टेनोच्या नोकरीसाठी. पत्रकारितेची पदवी हातात पडेपर्यंत आम्हाला कुणी कोर्टाची पायरी दाखवली नाही. अल्पवयीन मुलाची ओळख छापायला मनाई करणारं बाल न्याय कायद्याचं कलम ७४ मी इथे येऊन, स्वतः शोधून वाचलं. अटक झाली की पोलिसांची प्रेसनोट जशीच्या तशी छापून येते. पुढे काही वर्षांनी माणूस निर्दोष सुटतो, तेव्हा कोर्टात बातमीदार नसतो आणि गावाच्या लेखी तो गुन्हेगारच राहतो.

इथलं सगळं छान आहे असं मात्र नाही. जवळच्या पोर्ट टॅलबटमध्ये टाटांचा पोलाद कारखाना आहे. त्या गावाचं साप्ताहिक २००९ मध्ये बंद पडलं. २०२४ मध्ये तिथली शेवटची झोतभट्टी विझली तेव्हा गावाचं स्वतःचं जुनं वर्तमानपत्र ती बातमी द्यायला उरलेलं नव्हतं. 'पुढारी', 'सकाळ', 'लोकमत', 'तरुण भारत' अशी कोल्हापुरात निघणाऱ्या दैनिकांची नावं मी घेतली तेव्हा वर्गातली वेल्श मुलगी हेव्याने ऐकत राहिली. मग तिने विचारलं, "म्हणजे कोर्टात रोज चार-पाच बातमीदार?"

ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतंय. त्यासाठी वकिलांनी आणि गावाने कित्येक वर्षं आंदोलनं केली. पत्रकारितेच्या मुलांना वही देऊन तिथे पाठवा, याच सत्रापासून.