'कॉन्ट्ररी' : अर्थ, वापर आणि मराठी पर्याय

असहमती दाखवणाऱ्या इंग्रजी विशेषणांत 'कॉन्ट्ररी' हे नेहमीच्या वापरातले. लॅटिन 'कॉन्ट्रा' म्हणजे विरुद्ध. त्यापासून फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत आला. कोशात 'विरुद्ध, विपरीत, उलट' असे अर्थ ओळीने दिलेले असतात आणि विद्यार्थी हाताला लागेल तो उचलतात. गोंधळ तिथून सुरू होतो.

उच्चारात आघात पहिल्या अक्षरावर असेल तर हे विशेषण मताचे, पुराव्याचे किंवा दिशेचे असते. आघात दुसऱ्या अक्षरावर गेला की ते स्वभावाचे होते : मुद्दाम आडवा जाणारा, हेकेखोर. स्पेलिंग एकच असल्यामुळे वाचताना विशेष्याकडे पाहावे लागते. 'कॉन्ट्ररी ओपिनियन'साठी 'विपरीत मत' हा अनुवाद मला उत्तरपत्रिकांत वारंवार भेटतो. मराठीत 'विपरीत' शब्दाला अनिष्टाची छटा आहे. 'काहीतरी विपरीत घडले' म्हटले की मनात धस्स होते. मूळ लेखकाने फक्त नोंदवलेले मत अशा अनुवादात दूषित ठरते. येथे 'विरुद्ध मत' पुरेसे आहे.

'ऑन द कॉन्ट्ररी' हा प्रयोग आधीचे विधान खोडून काढतो. 'तुम्ही कंटाळलात का?' 'छे, उलट मजा आली.' हे आपले 'उलट' त्याला नेमके जुळते. मात्र 'थोरली बोलकी आहे. याउलट धाकटी अबोल' या वाक्यात काहीच खोडलेले नाही, दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत. तिथे इंग्रजीत 'ऑन द अदर हँड' हवे. 'उलट' आणि 'याउलट' यांतला हा भेद मराठीतून समजावला, तर इंग्रजीतली चूक लवकर सुटते. 'टू द कॉन्ट्ररी' बहुधा नामामागून येते : 'एव्हिडन्स टू द कॉन्ट्ररी' म्हणजे विरुद्ध पुरावा.

तर्कशास्त्रात हा शब्द अधिक काटेकोर आहे. 'सर्व विद्यार्थी हजर आहेत' आणि 'एकही विद्यार्थी हजर नाही' ही विधाने परस्परांना 'कॉन्ट्ररी'. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत; पण निम्मा वर्ग हजर असेल तर दोन्ही खोटी ठरतात. 'सर्व हजर आहेत' आणि 'काही गैरहजर आहेत' ही जोडी 'कॉन्ट्रॅडिक्टरी'. तिथे एक खोटे ठरले की दुसरे खरे असलेच पाहिजे.

वादविवाद शिकवताना हा फरक मी आवर्जून सांगतो. समोरच्याचे मत खोटे ठरवल्याने आपले आपोआप खरे ठरत नाही. त्यासाठी वेगळा पुरावा द्यावा लागतो. आणि विरुद्ध मत मांडणाऱ्याला हेकेखोर म्हणण्यापूर्वी आघात कोणत्या अक्षरावर आहे, ते तपासावे.