राक्षसभुवनचा भाग कुणी दाखवेल का?

मोबाइलच्या उभ्या पडद्यावर दीड-दोन मिनिटांच्या मालिकांचा सुकाळ झालाय, हे आता कुणाला सांगायला नको. चीनमध्ये 2024 साली त्यांची कमाई चित्रपटगृहांच्या गल्ल्याच्याही पुढे गेली. गोष्ट ठरलेली. चुलता फसवून कागदावर अंगठा घेतो, बाप हाय खाऊन जातो, मुलगा चितेसमोर शपथ घेतो आणि पुढच्याच भागात सुटाबुटात मोटारीतून उतरतो. हात थोबाडीत बसणार तेवढ्यात चित्र थांबतं आणि पुढच्या भागाचे पैसे मागितले जातात.

भडकपणाबद्दल माझी तक्रार नाही. वगनाट्यावर वाढलेल्या महाराष्ट्राने त्याला नाक मुरडू नये. मला खटकतं ते शोकाला कात्री लावणं. रडणारं माणूस पुढचा भाग विकत घ्यायला लावत नाही, सूड लावतो. म्हणून चिता विझायच्या आत मुलगा श्रीमंत झालेला असतो. बीड जिल्ह्यात मात्र बांधावरून वर्षानुवर्षं अबोला धरलेली भावकीही मातीला येते, राख सावडायला येते, दहाव्याला खाली मान घालून बसते. वैर मिटलेलं नसतं. तरी माणसं येतात.

चुलत्या-पुतण्याची आपल्याकडची सर्वांत गाजलेली गोष्ट पेशव्यांची. खाडिलकरांनी 1909 मध्ये तिच्यावर ‘भाऊबंदकी’ लिहिलं. नारायणरावाचा खून, राघोबा, आनंदीबाई, रामशास्त्री हे सगळ्यांना पाठ आहे. पण या गोष्टीतला सर्वांत अवघड भाग बीड जिल्ह्यात घडला, गेवराई तालुक्यात, गोदाकाठच्या राक्षसभुवनला. आज तिथे लोक शनीच्या दर्शनाला जातात.

नोव्हेंबर 1762 मध्ये राघोबाने निजामाची मदत घेऊन आळेगावला सख्ख्या पुतण्याला, माधवराव पेशव्याला, नमवलं. राज्य फुटू नये म्हणून माधवराव स्वतःहून चुलत्याच्या छावणीत गेला. नऊ महिन्यांनी, 10 ऑगस्ट 1763 रोजी, हेच दोघे राक्षसभुवनला त्याच निजामाविरुद्ध एकत्र उभे होते. गोदावरीला पूर होता. निजाम पलीकडच्या तीरावर, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडे अडकलेला. लढाईत राघोबा वेढला गेला, तेव्हा मदतीला धावला तो अठरा वर्षांचा माधवराव. विठ्ठल सुंदर पडला आणि लढाई मराठ्यांनी जिंकली.

सूडकथा लिहिणाऱ्याने पुतण्याला तिथेच थांबवलं असतं, चुलत्याला मरू दिलं असतं. माधवराव थांबला नाही. पुढे 1768 मध्ये धोडपला त्यानेच चुलत्याला पकडून शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं, आणि 1772 मध्ये थेऊरला मरताना धाकट्या भावाला, नारायणरावाला, त्याच चुलत्याच्या हवाली केलं. वर्षभरात त्या भावाचा खून झाला. या माणसांना खलनायक आणि नायक अशा दोन खणांत बसवायला गेलं की गोष्टच हातची जाते.

बीडकरांना हे नवं नाही. 2019 ला परळीत धनंजय मुंडेंनी चुलत बहीण पंकजा यांना तीस हजारांवर मतांनी हरवलं. बीड शहरात संदीप क्षीरसागरांनी चुलते जयदत्त यांना दोन हजारांहूनही कमी मतांनी. 2024 च्या लोकसभेला धनंजय पंकजांच्या प्रचारासाठी फिरत होते. त्या 6,553 मतांनी पडल्या.

आळेगाव ते राक्षसभुवन हे नऊ महिने कुणीतरी मराठीत लिहायला घ्यावेत. दोन मिनिटांच्या भागांत लिहा, हरकत नाही. पण हरलेला पुतण्या चुलत्याच्या पंगतीला बसतो, त्या जेवणाला एक अख्खा भाग द्या.