बारशाला आलेला पाहुणा

बाळ जन्माला आलं की घरात प्रश्नांचा नुसता पाऊस पडतो. वजन किती? नाक कुणावर गेलंय? बाळंतिणीला दूध येतंय ना? पेढे की बर्फी? यातला शेवटचा प्रश्न तेवढा बाळाच्या बापाला विचारतात. त्यानं दवाखान्याचं बिल भरायचं, गाडी आणायची, मित्रांना पेढे वाटायचे आणि मग भिंतीशी उभं राहायचं. तिशीच्या आतबाहेरच्या त्या पोराच्या मनात त्या घटकेला काय चाललंय, हे विचारायची आपल्याकडे पद्धतच नाही.

आईच्या मनाबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहून झालं. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'नं तर कितीतरी घरांतल्या पोराथोरांचे डोळे ओले केले. बाप मात्र आपल्या डोळ्यांपुढे येतो तो बहुधा दारातून आत येताना, हातात भाजीची पिशवी घेतलेला.

मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेत बालवर्गाच्या पालकसभेला पूर्वी फक्त आया यायच्या. अलीकडे बाबाही येतात. छोट्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसतात. सभेत गप्प असतात, पण सभा संपली, बायका आपापसात बोलायला लागल्या, की एखादा हळूच जवळ येतो. "बाई, जरा विचारायचं होतं," म्हणतो, आणि विचारायच्या ऐवजी सांगतच सुटतो. त्यांचं ते सांगणं मैत्रिणींनो, आज तुमच्यापुढे मांडते. नावं अर्थातच सांगत नाही.

त्यांच्या मनातलं

बँकेत नोकरी करणारे एक बाबा म्हणाले, "बाई, हिचं बाळंतपण माहेरी झालं. मी दर रविवारी एस.टी.नं जायचो. सासूबाई पोहे करायच्या, मेहुणा क्रिकेट लावून द्यायचा, बाळ झोपलेलं असायचं. उठलं की रडायचं, रडलं की आत न्यायचे. संध्याकाळच्या गाडीनं मी परत. तीन महिन्यांत मी मुलीला हातात किती वेळ घेतलं असेल? सगळा मिळून दोन-तीन तास."

औषधाचं दुकान चालवणाऱ्या दुसऱ्यांचं वेगळंच. "रात्री बाळ रडलं की जाग दोघांनाही येते. पण ते का रडतंय हे हिला कळतं, मला कळत नाही. 'तुम्ही झोपा, सकाळी दुकान उघडायचंय,' म्हणते. चांगल्या मनानंच म्हणते हो! पण मी डोळे मिटून नुसता पडून राहतो. या घरात आपला पैशापलीकडे काही उपयोग नाही, असं वाटत राहतं."

तिसरे म्हणाले, "माझे वडील घरात आले की आम्ही टीव्ही बंद करून पुस्तक उघडायचो. माणूस वाईट नव्हता. फी कधी एक दिवस उशिरा भरली नाही. पण त्यांनी मला मांडीवर घेतल्याचं आठवत नाही. आता नातवाला पाठीवर घेऊन घोडा घोडा करतात. बघून बरं वाटतं, आणि खरं सांगू, थोडा हेवाही वाटतो. मी कुणाचं बघून शिकायचं?"

आणि एकानं मुलाला ताप आला म्हणून अर्ध्या दिवसाची रजा मागितली, तर वरिष्ठांनी विचारलं, "का? घरी मिसेस नाहीत का?"

घराचा हप्ता, आईवडिलांची औषधं, पुढची फी हे सगळं या मंडळींच्या डोक्यात असतंच. पण सांगताना आवाज बदलतो तो पैशाच्या हिशेबाशी नव्हे. बदलतो तो "माझ्याकडे येतच नाही हो ते," या वाक्याशी.

गाठ कुठे बसते

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. ती चांगलीच आहे. डिंकाचे, अळिवाचे लाडू, तेल लावून अंघोळ, दुपारची झोप आणि हक्कानं रडायला आईची मांडी, हे बाळंतिणीला हवंच असतं. ही रीत मोडा असं मी मुळीच म्हणत नाही. पण तिच्यामुळे एक गोष्ट नकळत घडते, तिकडे आपलं लक्ष जात नाही.

बाराव्या दिवशी बारसं होतं. बाप पाहुण्यांबरोबर येतो आणि पाहुण्यांबरोबर जातो. पुढचे दोन-तीन महिने बाळाची आई रोज शिकत असते. भुकेचं रडणं कोणतं, झोपेचं कोणतं, पोट दुखलं की पाय कसे आखडतात, मान कशी सावरायची हे तिला काही आईच्या पोटातून येत नाही. शंभर वेळा केलं की जमतं. बापाला ते शंभर वेळा मिळतच नाहीत. मग ती बाळाला घेऊन सासरी येते तेव्हा ती झालेली असते मास्तरीण आणि तो असतो पहिलीतला विद्यार्थी. तो लंगोट सैल बांधतो, झबलं उलटं घालतो, बाळ रडतं. "द्या इकडे, तुम्हाला नाही जमायचं!" असं म्हणून ती किंवा सासूबाई बाळ काढून घेतात. असं पाच-सहा वेळा झालं की तो हात पुढे करायचं सोडतो. दोन वर्षांनी तीच मैत्रिणीला सांगते, "अगं, यांना मुलांचं काही पडलेलंच नाही." आणि तो मनात म्हणतो, 'मला कुणी काही करू दिलं कुठे?' दोघंही खरं बोलत असतात!

हे एकट्या आपल्या गावातलं नाही. केंद्र सरकारनं २०२४ मध्ये देशभर एक पाहणी केली, माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात याची. १५ ते ५९ वयाच्या बायकांपैकी ४१ टक्के जणी घरातल्या माणसांच्या देखभालीत वेळ देत होत्या, पुरुषांपैकी २१.४ टक्के. देणाऱ्यांतही बायकांचा वेळ सरासरी १४० मिनिटं, पुरुषांचा ७४. म्हणजे आधी पुरुष निम्मे आणि जे आहेत त्यांचा वेळही साधारण निम्मा.

कायद्याचंही तसंच आहे. २०१७ च्या दुरुस्तीनं नोकरदार आईची भरपगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, ही फार मोठी गोष्ट झाली. बापाचं काय? केंद्र सरकारच्या नोकरांना दोन मुलांपर्यंत १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. पुष्कळ खासगी नोकऱ्यांत मात्र ती मालकाच्या मर्जीवर असते. आपल्या हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी सगळ्याच बापांना अशी रजा मिळावी म्हणून २०१७ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा काही झाला नाही.

मिशीवाली आई

बापानं मुलात लक्ष घालणं हे काहीतरी नवं फॅड आहे असं कुणाला वाटत असेल, तर एक जुनी गोष्ट सांगते. गुजरातेत गिजुभाई बधेका नावाचे एक तरुण वकील होते. १९१३ मध्ये त्यांना मुलगा झाला. त्याला कसं वाढवावं, कसं शिकवावं या विचारानं त्यांना पछाडलं. मुलासाठी म्हणून पुस्तकं मिळवता मिळवता ते माँटेसरीबाईंच्या विचारांपर्यंत पोचले. चांगली चाललेली वकिली सोडून १९१६ मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले आणि १९२० मध्ये तिथे त्यांनी बालमंदिर काढलं. मुलं त्यांच्या अंगाखांद्यावर खेळत. लोक त्यांना कौतुकानं 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई म्हणू लागले.

पुढे आपल्या ताराबाई मोडक भावनगरला जाऊन त्यांच्याबरोबर काम करू लागल्या. ताराबाईंनीच १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम उभं केलं, आणि बालवाडी खेड्यापाड्यांत पोचवली. आज आपली पोरं ज्या बालवाडीत जातात, तिच्या मागे एका तरुण बापाच्या मनातला विचार आहे, हे किती जणींना ठाऊक असेल?

वेण्यांची गोष्ट

सगळ्यांना काही गिजुभाई व्हायचं नाही. पण साध्या घरातही काय होऊ शकतं ते बघा. आमच्या बालवर्गातली एक मुलगी मैदानात पडली, गुडघा फुटला. योगायोगानं त्या दिवशी न्यायला बाबा आले होते. मुलगी धावत फाटकापर्यंत गेली आणि त्यांना बघून थांबली. "आई कुठाय?" म्हणाली आणि रडायची ती तशीच ओठ दाबून उभी राहिली. बाबा दप्तर हातात धरून बघत राहिले. मुलगी त्यांची होती, पण तिचं रडू त्यांच्याकडे येत नव्हतं.

त्या रात्री नवरा-बायको काय बोलले मला ठाऊक नाही. पण दुसऱ्या आठवड्यापासून सकाळचं सगळं बाबांकडे आलं. उठवणं, अंघोळ, डबा, वेण्या, शाळेत सोडणं. सुरुवातीचे पंधरा दिवस काय त्या वेण्या! एक कानाच्या वर, एक मानेवर. तिची आई मला म्हणाली, "बाई, माझे हात नुसते शिवशिवायचे. पण मी ओट्याकडे तोंड करून उभी राहायचे." जूनमध्ये हे सुरू झालं. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वेण्या सरळ झाल्या. आणि सुट्टीनंतर एकदा तिला कुणीतरी ढकललं, तेव्हा "माझ्या बाबांना सांगीन!" असं ती ओरडली. आम्ही शिक्षिका एकमेकींकडे बघतच राहिलो.

यात त्या बाबांचं कौतुक आहेच. पण ओट्याकडे तोंड करून उभं राहणाऱ्या त्या आईचं मला जास्त वाटतं.

मग आपण काय करायचं?

पहिलं म्हणजे 'मदत' हा शब्द घरातून काढून टाकायचा. शेजारी करतो ती मदत. बाप करतो ते त्याचं काम.

दुसरं, काम द्यायचं ते अर्धंमुर्धं नको. "जरा बाळ धरा" हे काम नव्हे. लसीचं कार्डच घ्या ना. जन्माच्या वेळच्या लशी झाल्या की पुढच्या दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी असतात, मग नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची. तारीख लक्षात ठेवणं, कार्ड घेऊन जाणं, सुई टोचल्यावर बाळाला उगी करणं, रात्री ताप बघणं, हे सगळं त्याच्याकडे. आपण आठवणसुद्धा करायची नाही.

तिसरं, जिवाशी गाठ असलेल्या गोष्टी आधी नीट सांगायच्या. बाळाला उताणं झोपवायचं. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणी नाही, मध नाही, गुटी नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं औषध तेवढं चालेल. अंघोळीच्या पाण्यात आधी आपलं कोपर बुडवून बघायचं. एवढं सांगितलं की बाकीच्याला सूचना नकोत. झबलं उलटं घातलं तर बाळाला काही होत नाही.

चौथं, पाजणं तेवढं आईचं. पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढणं, लंगोट बदलणं, झोपवणं हे कुणालाही येतं. कमी वजनाच्या बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब द्यायची 'कांगारू' पद्धत असते ना, तीही बापाला करता येते.

आता सासूबाईंचा प्रश्न. "माझ्या मुलाला लंगोट धुवायला लावलं" हे वाक्य आपल्यावर येणारच. तिथे आपण वाद घालू नये. त्यांच्या लेकानंच सांगावं, "आई, राहू दे, मीच करतो." त्याचं ऐकतात, आपलं ऐकत नाहीत!

काहीजणी म्हणतील, "अहो, आमच्याकडे उत्साहच नाही. 'मला जमत नाही' हे सोयीचं कारण झालंय." असेही नवरे आहेत, नाही कसं म्हणू? त्यांनाही औषध तेच. रविवारी दोन तास बाळ त्यांच्या हवाली करून भाजीला, देवळात, मैत्रिणीकडे निघून जायचं. जमत नाही म्हणणाऱ्याला जमतंच, कारण दुसरं कुणी नसतं.

आणि ज्यांच्या घरी यंदा डोहाळजेवण आहे त्यांना खास सांगणं. माहेरी जायचं असेल तर जरूर जा. पण नवरा रविवारी आला की पोह्यांच्या बशीआधी बाळ त्याच्या हातात द्या आणि खोलीचं दार लोटून घ्या. आणि रजेचा विचार आधीच करून ठेवा. केंद्र सरकारची पितृत्व रजा प्रसूतीनंतर सहा महिन्यांच्या आत घेता येते. बाळंतपणाच्या वेळी माहेरी दहा माणसं असतात. खरी गरज लागते ती तुम्ही बाळ घेऊन आपल्या घरी परत याल त्या पहिल्या आठवड्यात. निदान आठ दिवस त्या वेळेसाठी राखून ठेवायला सांगा. दुसरीकडे नोकरी असेल तर साठलेल्या रजेतले ठेवता येतील.

त्या आठवड्यात एका रात्री, बाळ झोपल्यावर, त्याला एवढंच विचारा, "तुम्हाला काय वाटतंय?" लगेच उत्तर येणार नाही. हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलेला नसतो. थोडं थांबा, तो सांगेल.